वेशीखालून पाच फेरे

आधीच सांगून टाकते, या गावाचं नाव मी लिहिणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, नेरपासून एसटीनं तासाभरावर आहे, एवढं पुरे. तिथल्या नगरपंचायतीतल्या माणसांनी मला तीनदा चहा पाजलाय, त्यांच्यावर शिंतोडे उडवायची माझी इच्छा नाही. शिवाय मी जी चूक सांगणार आहे ती त्यांची नाहीच. ती आमच्या घरची आहे.

मी पुण्यात नगररचनेच्या कामात अनुरेखक म्हणून चिकटले आणि आरेखक होऊन निवृत्त झाले. म्हणजे साहेबांनी ठरवलेले रस्ते कागदावर सुबक उतरवायचे. माझे वडीलही याच व्यवसायातले, पण नागपूरला. साठच्या दशकात ते गावोगाव मुक्काम करून आराखडे तयार करत. जेवताना त्यांची एक गोष्ट ठरलेली असे. एका गावात जुनी दगडी वेस होती, रहदारी बघावी तर बैलगाड्यांची रीघ. "मग काय, पट्टी ठेवली आणि वेशीतून सरळ रेषा ओढली. एका दमात!" असं म्हणून बाबा ताटात बोटानं रेषा काढून दाखवत. आई म्हणायची, "पुरे, आमटी सांडेल."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या आधी त्याच गावाहून मला पत्र आलं. लिहिणारी संगीता राठोड, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं लिहिलं होतं, "नकाशाच्या कोपऱ्यात तुमच्या वडिलांची सही आहे. विचारत विचारत तुमच्यापर्यंत पोचले. इतकी वर्षं कागदावर पडून असलेल्या त्या रेषेवर आता खरंच रस्ता होणार आहे. वेस पडणार, मारुतीचा पार जाणार. भाऊबीज झाली की सुनावणी आहे. ही रेषा का ओढली, तेवढं कोणी आम्हाला सांगेल का?"

वाचून मला राग आला. मेलेल्या माणसाला जाब विचारतेय ही बाई! मी तिरमिरीतच बाबांची ट्रंक उघडली. त्या गावची मोजणीवही सापडली, लाल कापडी पुठ्ठ्याची, पानापानावर गाड्यांच्या उभ्या रेघा, चारांवर पाचवी आडवी. एवढा पुरावा असताना कसली शंका घेता? तेव्हा खरं सांगते, मी वेस वाचवायला निघाले नव्हते. मी बाबांची बाजू मांडायला निघाले होते. वही घेऊन येते, एवढंच संगीताला कळवलं.

नेरचं स्टँड

नेरला गाडी बदलायची होती. उतरताना माझ्या बॅगेचं एक चाक पायरीवर आपटून जे निखळलं ते गडगडत कुठे गेलं कोण जाणे. कंडक्टर, दोन कॉलेजच्या मुली आणि एक फुलवाला असे चौघे जण खाली वाकून शोधायला लागले. पुण्यात एवढ्या वेळात चौघांनी मला बाजूला व्हायला सांगितलं असतं.

"काहून मावशी, लग्नाले चालल्या का एवढं घेऊन?" कंडक्टरनं बॅग उचलता उचलता विचारलं.

"सुनावणीला," मी म्हटलं.

"मंग तं वकीलही आतच असंन!" म्हणून तो खदखदा हसला.

चाक मिळालं नाही. तर्री पोहे मात्र मिळाले. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि वर विचारतात, "अजून?" माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं तरी मी हो म्हटलं. नागपूर सोडून चाळीस वर्षं झाली, पण जिभेला पत्ता लक्षात होता.

वेशीत अडकले

गावात उतरून स्टँडवरून रिक्षा केली आणि पाच मिनिटांत ती वेशीखाली अडकली. समोरून कापसाची ट्रॉली आली होती. ताडपत्रीतून कापूस दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेला, वेशीच्या दगडांना घासून त्याचे पुंजके तिथेच चिकटलेले. मागे टेम्पो, त्यामागे दुधाच्या कॅनवाल्या मोटारसायकली, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतला, म्हणजे हे रोजचंच असणार. वर पाहिलं तर कमान छान होती हो, कमळं कोरलेली, एका कोपऱ्यात पोपटांचं बिऱ्हाड. पण अर्धा तास त्या धुरात बसल्यावर मी मनात म्हटलं, बाबा, बरोबर केलंत, पाडाच ही.

तेवढ्यात गाड्यांच्या फटीतून एक चाळिशीची बाई अंग चोरत आली. "नमस्कार मॅडम, मी संगीता. तुम्ही वेशीतच सापडाल, मले माहीतच होतं!" म्हणत तिनं माझी तीन पायांची बॅग डोक्यावरच घेतली.

माझी उतरायची सोय तिनं वसंतराव वकिलांकडे केली होती. गंमत अशी, की रस्ता रुंद व्हावा म्हणून गावात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस तो हाच. "सुनावणीत आम्ही समोरासमोर आहोत. पण माह्या घरी तांड्यावर पाहुण्याले पलंग नाही, त्यांच्याकडे आहे," संगीतानं खुलासा केला. पुण्यात विरुद्ध पक्षाकडे पाहुणा उतरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वसंतरावांचं घर वेशीच्या आत, तिच्याकडे तोंड करून. तीन पिढ्या कचेरी आणि कोर्ट. ओट्यावर पाऊल ठेवताच ते म्हणाले, "इथेच बसून तुमच्या वडिलांनी गाड्या मोजल्या बरं का. मी सात-आठ वर्षांचा असेन. आमची आजी त्यांना तासातासाला ताक नेऊन द्यायची." मी त्या दगडावर टेकले आणि उगाचच डोळे भरून आले. आजीच्या ताकाबद्दल बाबांनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

जेवायला बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात होता, वरून फोडणीचं तेल आणि जोडीला कढी. तेल वाढताना इकडचा हात आखडत नाही. वाढत होत्या वसंतरावांच्या पत्नी कुसुमताई, डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली निपचित होता.

"दोन वर्षांपूर्वी हिला झटका आला," वसंतराव म्हणाले. "ॲम्ब्युलन्स आली आणि वेशीबाहेर उभी राहिली. मध्ये ट्रॉली फसलेली. शेवटी चौघांनी बाजेवर घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर हात वाचला असता. आता तुम्ही सांगा, त्या कमानीचं मी काय करू? पूजा करू?"

"ती जुनी आहे, तिला काय कळतं," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

मी लाल वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. "उद्या नाही परवा हे त्या साहेबासमोर ठेवा. संपलाच विषय!" मलाही तसंच वाटत होतं.

तांड्यावर

दुसऱ्या दिवशी संगीता मला स्कूटीवर बसवून तांड्यावर घेऊन गेली. म्हणे, "जेवायले तरी चला. भांडण उद्या आहे." रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या आणि स्कूटी पाहून शेताच्या त्या टोकावरून हाका मारत होत्या.

तांडा म्हणजे बंजारा वस्ती. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडायची, आता पिढ्यान्‌पिढ्या इथेच शेती करतात. संगीताचे सासरे रामधनबापू, वय ऐंशीच्या पलीकडे, अंगणात सुतळी वळत बसले होते. सासूबाईंना घरातले सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. याडीनं हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी पुढ्यात ठेवल्या. भाकरी मोठी म्हणून मी अर्धी मागितली तर ती माझ्याकडे अशा काळजीनं बघायला लागली, जशी मी आजारीच आहे.

जेवण झाल्यावर बापू म्हणाले, "सून सांगून राह्यली, तुमच्यापाशी वही आहे. वाचा बरं. मले ऐकू दे आमच्या गाड्या."

मी ऐटीत वही उघडली. बाबा किती काटेकोर होते ते या लोकांना कळू दे, म्हणून रेघांशेजारचा 'ओळख' हा रकानाही वाचायला लागले. एकच गाडी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून तो रकाना असतो.

"काळी जोड, डाव्या शिंगाला पितळी टोपण, गाडीवान हिरवा रुमाल." मग दोन गाड्या इतर. मग पुन्हा, "काळी जोड, पितळी टोपण, हिरवा रुमाल."

बापूंची सुतळी थांबली. "थांबा थांबा. डाव्याच शिंगाले ना?"

"हो, डाव्या."

"थो हिरवा रुमाल तं माहाच बाप्पा! अन् थे टोपण माह्या बापानं बसवलतं. वाचा, अजून वाचा."

मी वाचत गेले. हिरवा रुमाल तिसऱ्यांदा आला. चौथ्यांदा आला. पाचव्यांदा आला तेव्हा बापू हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना असा ठसका लागला की याडी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"अहो ताई," श्वास घेत ते म्हणाले, "साहेबानं फेरे मोजले! पह्यल्या वेचणीचा कापूस निघाला का गाडी आंधी मारुतीले न्या लागते. वेशीतून आत, मारुतीले फेरा घालून मांगच्या खिंडारातून बाहीर, अन् पुन्हा वेशीतून आत. असे पाच फेरे. मंग जिनात, सरकी काढाले. पेठेचे घ्या, तांड्याचे घ्या, सगळ्याईच्या गाड्या त्याच दिवशी येत. आमी चढाओढीनं फेरे घालून राह्यलो होतो, अन् साहेब ओट्यावर बसून लिहून राह्यला होता! आमाले वाटे, आपली मिरवणूक लिहून ठेवते."

वसंतरावांच्या ओट्यावरून वेस दिसते. देवळामागचं खिंडार दिसत नाही. मी वही घट्ट धरून पुढची पानं पाहिली. पांढरी जोड, लाल झूल, पाचदा. एक शिंग मोडकं, पाचदा. बाबांनी रकाना इमानेइतबारे भरला होता आणि संध्याकाळी फक्त बेरीज केली होती. रहदारी म्हणून त्यांनी देवाच्या प्रदक्षिणा मोजल्या होत्या. लिहिलेली ओळख पुन्हा वाचून पाहावी असं नागपूरच्या बाबूला वाटलंच नसणार, दुसरं काय?

मी उठून गोठ्याकडे गेले. रडू येत होतं आणि रागही. कुणावर काढायचा तेच कळेना. जन्मभर मीसुद्धा अशाच रेषा गिरवल्या. एकदा तरी विचारलं का, की बाबा रे, ही रेषा कुठून आली? संगीता मागून आली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

"तुम्ही नाही बोलल्या तरी चालते मॅडम," ती म्हणाली. "बाप आहे. मले समजते. आम्ही आमचं पाहू."

"बापू सांगतील ते मान्य होईल?"

"म्हाताऱ्याची आठवण आहे ते, कोण ऐकते? वही तुमच्यापाशी आहे." मग घाईघाईनं म्हणाली, "मागत नाही मी."

परत जाताना बापूही आमच्याबरोबर निघाले. मी विचारलं, "मग एरवी भरलेल्या गाड्या जिनात कशा जायच्या?" तर ते म्हणाले, "पांदणीनं. चाला, दाखवतो." पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी गाडवाट. एका बाजूला बोरी-बाभळी माजल्या होत्या, कुणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग घातले होते, कुणी गोठा पुढे सरकवला होता. माझी साडी दोनदा काट्यात अडकली, चपलेत काटा घुसला तो वेगळाच. पण वाट होती, चांगली ऐसपैस. गावाला बाहेरून वळसा घालून ती थेट सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीपाशी निघाली. तिला एक फाटा होता. मी त्या फाट्यानं चार पावलं गेले आणि समोर वसंतरावांचं परसदार! कुसुमताई डाव्या हातानं तुळशीला पाणी घालत होत्या.

सुनावणी

नगरपंचायतीचं सभागृह खच्चून भरलं होतं. अधिकारी तरुण होते, चष्मा लावलेले, सगळं मान खाली घालून लिहून घेत होते. आधी वसंतराव बोलले. कुसुमताईंचं नाव न घेता ते बोलले आणि तरी सगळ्यांना कळलं. टाळ्यासुद्धा पडल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्यांनी आराखडा केला त्यांची कन्या पुण्याहून पुरावा घेऊन आलेली आहे."

मी उभी राहिले. सकाळपासून मी स्वतःला सांगत होते की गप्प बसलं तरी कुणाला कळणार नाही. नाहीतर पोहे बाधले म्हणून घरी पडून राहावं. मग समोर तांड्यावरच्या बायका बसलेल्या दिसल्या, रोज वेशीच्या सावलीत भाजी विकणाऱ्या, आणि त्यांच्यामागे संगीता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. खिडकीबाहेर बघत होती.

"माझे वडील फार काटेकोर होते," मी म्हटलं. "पण या वहीत त्यांची मोजणी चुकलेली आहे. ही रेषा चुकलेल्या मोजणीवर ओढलेली आहे. मी त्यांची मुलगी आहे आणि मी हे सांगते." पुढे हिरव्या रुमालाचं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं, पाचव्यांदा सगळी सभा हसत होती. माझ्या बाबांवर गाव हसत होतं आणि मला वाटलं होतं तितकं ते दुखलं नाही. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "पण तेव्हा कोणी त्यांना हे सांगितलं कसं नाही?"

वसंतराव उठून उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "साहेब, फेरे मला माहीत होते. माझ्या वडिलांना माहीत होते. अख्ख्या पेठेला माहीत होते. मी स्वतः त्या ओट्यावर उड्या मारत पाहायचो. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच वाटलं सगळ्यांना. पाहुणा मोजतोय, मोजू द्या." मग एकदम आवाज चढवून, "पण माझी ॲम्ब्युलन्स कुठून येईल ते सांगा! वेस राहू द्या, पण ते आधी सांगा!"

"पांदणीनं," मागून बापू म्हणाले. "तुमच्या परसदारातूनच जाते, वकीलसाहेब. भरल्या गाड्या जायच्या जोडीनं जोडीनं. तुमी काहून गेले नाई इतक्या दिवसात तिकडं?"

"काटे आहेत हो तिकडे!"

"मंग काढू ना काटे."

पुन्हा हशा. यावेळी वसंतरावही हसले, आणि चष्मा काढून डोळे पुसत बसले.

अधिकाऱ्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. साध्या दिवशी रहदारीची मोजणी पुन्हा होईल, पांदणीची मोजणी होईल, तोवर वेशीला हात लागणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. बाहेर आल्यावर संगीतानं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

हे लिहितेय तोवर तिचा फोन येऊन गेलाय. पांदणीवर मोजणीवाले आले होते. काटे काढायला तांडा आणि पेठ दोन्हीकडची माणसं होती, आणि मोजणीची काठी धरून उन्हात कोण उभं होतं, तर वसंतराव. गोठा पुढे सरकवणारा अजून भांडतोय, पण चहा त्याच्याच घरून येतोय म्हणे. अंतिम आदेश यायचा आहे. मला काळजी वाटते, पण आशा जास्त वाटते.

निघायच्या सकाळी

नऊच्या गाडीनं निघायचं होतं. सात वाजताच ओट्यासमोर घुंगरं वाजली. बापूंची गाडी! आता सगळ्यांकडे ट्रॅक्टर, पण या घरानं एक जोड ठेवली आहे. शिंगं रंगवलेली, गाडीत पहिल्या वेचणीचा कापूस. गाडीवर हिरवा रुमाल बांधून खुद्द बापू, शेजारी कासरा धरायला संगीता.

"चाला ताई, बसा," बापू म्हणाले. "तुमचे बाबूजी खालून पाहून गेले, गाडीत बसलेच नाई."

कुसुमताईंनी बैलांना डाव्या हातानं कुंकू लावलं. मी कशीबशी चाकावर पाय देऊन चढले आणि कापसात गुडघ्यापर्यंत रुतले. गाडी वेशीखालून आत आली, मारुतीला फेरा घालून खिंडारातून बाहेर पडली, पुन्हा वेशीसमोर आली. मागे दुधवाले, रिक्षावाले अडकले होते, पण त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवला नाही. दर फेऱ्याला कमानीखाली गार सावली अंगावरून जाई आणि पोपट ओरडत. ओट्यावर वसंतराव उभे होते, बरोब्बर बाबा बसायचे तिथे, आणि दर फेऱ्याला हात हलवत होते.

पाचवा फेरा झाला. मी पिशवीतून लाल वही काढली. शेवटच्या पानावर जागा होती. 'ओळख' या रकान्यात लिहिलं, काळी जोड, हिरवा रुमाल. पाचही फेरे मी नीट मोजले होते. मग गाडीच्या धक्क्यात हात सावरत शेजारच्या रकान्यात एकच रेघ ओढली.